अक्काची तब्येत

“फुकट मिळालेल्याला कसला आलाय वेग!”

अण्णा पुटपुटले. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटले, पण आम्ही दोघं एकाच बाकावर बसलेलो, मधे फक्त भडंगाचा डबा. त्यांच्या पोटातली गुडगुडसुद्धा मला ऐकू यायची. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, “अण्णा, अजून त्याला सुरूसुद्धा केलेलं नाही.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“बरं.”

“नाही, तू कर की सुरू. मी नुसता बघतोय.”

नुसता बघणारा माणूस सारखा सारखा चष्मा पुसत नाही.

मिरजेतल्या आमच्या कारखान्याच्या माडीवरची ही दुपार. बरीच वर्षं झाली त्याला. कारखाना म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक. आणि आमचा माल म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. लाडवाच्या डब्याएवढी पेटी. बटण दाबलं की आतली चिप तानपुऱ्यासारखी झंकारायला लागायची आणि समोरचा माणूस गायला मोकळा. पुष्कळांना वाटायचं, आत खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग असेल. नव्हतं. एकेक तार चिप त्या त्या क्षणी हिशेब मांडून वाजवायची. छेडल्यावर तार किती थरथरेल, ती थरथर कशी विरत जाईल, शेजारच्या तारेच्या आवाजात कशी मिसळेल, सगळा हिशेब. तो वेळेत झाला तर सूर अखंड. जरा मागं पडला की तडतड, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

हा हिशेब चिपला सांगायचा म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा, आणि ते माझं काम. पण मी लिहिलेलं चिपला थेट कळत नाही. मधे कंपायलर लागतो. तो आपला मजकूर वाचतो आणि चिपच्या भाषेतल्या बारीक बारीक सूचनांमध्ये उतरवून देतो. एकच मजकूर दोन कंपायलरना दिला तर काम तेच होतं, पण एकाचं उतरवलेलं तुरुतुरु पळतं आणि दुसऱ्याचं पाय ओढत चालतं. आमचा कंपायलर बाजारातला नव्हता. तो अण्णांनी स्वतः लिहिला होता, आणि त्याचं नाव होतं अक्का.

खऱ्या अक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या भगिनी. अण्णांचं नाव शांतिनाथ चौगुले, पण ते फक्त पेटीच्या मागच्या पट्टीवर छापलेलं असायचं. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं. शाळेच्या वाटेवर ओढा होता. अण्णा बुजायचे म्हणून अक्का त्यांना पाठुंगळी घेऊन पलीकडं पोचवायच्या. पुढं अण्णांच्या मुलीला, पद्मजाला, निम्मं त्यांनीच सांभाळलं. मी अक्कांना पाहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं त्यांची बोलणी खाल्ली आहेत. कारण त्या गेल्या त्याच वर्षी अण्णांनी कंपायलर लिहायला घेतला. बाजारातले परवडत नव्हते, असं कारण ते सगळ्यांना सांगायचे. आपल्या मजकुरात चूक सापडली की बाकीचे कंपायलर इंग्रजीत गुरकावतात. हा अक्कांसारखा बोलायचा. अक्षरं इंग्रजी, भाषा मिरजेची. ‘कंस उघडलास, मिटणार कोण?’ ‘हे कोण आलं घरात? आधी ओळख करून दे.’ ‘शून्यानं भागतोस? जेवला नाहीस का?’ आणि सगळं बिनचूक निघालं तर शेवटी एकच ओळ, ‘झालं बाई एकदाचं.’

मी इथं आले ती सोल्डरिंगला. इंग्रजीशी माझं दहावीतच बिनसलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी माडीवर येऊन अण्णांच्या मागं उभी राहायची, स्क्रीनवरची बोलणी वाचायची आणि एकटीच हसायची. एक दिवस अण्णा वळून म्हणाले, “उभी का? बस की.” बसले ती बसलेच. अक्का मला मराठीत रागवायची म्हणून मी शिकले. इंग्रजीत रागवली असती तर दुसऱ्या दिवशी खाली सोल्डरिंगला परत गेले असते. एकदा मीही नजरचुकीनं शून्यानं भागलं. स्क्रीनवर आलं, ‘शून्यानं भागतेस? जेवली नाहीस का?’ मी बघतच राहिले. अण्णांनी मला न सांगता अक्काला बाईमाणसाशी बोलायला शिकवलं होतं. आणि त्या दिवशी मी खरंच जेवले नव्हते.

अक्काची एक तब्येत होती. म्हणजे घरात एखाद्या थोरल्या माणसाची असते तशी. अक्काला गुणाकार आवडत नाही, म्हणून तिच्यापुढं गुणाकार न्यायचाच नाही, बेरजांवर भागवायचं. अक्कापुढं एका वेळी तीनच वस्तू ठेवायच्या, चौथी ठेवली की ती पहिली कुठंतरी ठेवून येते आणि शोधत बसते. ‘हे आठदा कर’ असं अक्काला सांगायचं नाही, ती दर वेळी मोजत बसते. तीच ओळ आठ वेळा लिहून द्यायची. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. ते अंगवळणी पडलेलं होतं, पीठ मळताना पाणी किती घालायचं ते पडतं तसं. आणि ह्यात मी पटाईत होते. आमची पेटी चार तारांची होती, ती पाच तारांची केली ती मी. अक्काकडून पाचवी तार काढणारी जगात मी एकटी. ही बढाई नव्हे. जगात अक्का दुसरीकडं नव्हतीच.

आता गवयांना सहा तारा हव्या होत्या. अण्णा म्हणत होते, थोडं रेटलं तर अक्का सहावीही ओढेल. तेवढ्यात पद्मजा पुण्याची नोकरी सोडून कारखान्यात आली आणि येताना एक कंपायलर घेऊन आली. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट मिळणारा, आणि आमच्या चिपसाठी चालणारा. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. “येऊ दे की,” ते म्हणाले, “अक्का आणि पाहुणा, दोघांनाही एकच मजकूर देऊ. जो जास्त तारा ओढेल त्याच्यावर सहा तारांची पेटी. आणि ह्यापुढच्या सगळ्या पेट्या.”

सगळ्या पेट्या हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं. आपलीच खात्री असली की माणूस मोठ्यानं बोलतो. पण त्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. पाहुणा जिंकला तर अक्का बंद. पद्मजाच्या आत्याचं बोलणं बंद. आणि अक्काची तब्येत सांभाळण्यापलीकडं काहीच न शिकलेली मी, तिचं काय, हा प्रश्न फक्त मला पडला. तो मी भडंगाबरोबर गिळला.

तर त्या दुपारी पहिली चाचणी. खाली पॅकिंगच्या बायकांची तक्रार होती की वरून सारखी तडतड ऐकून डोकी उठतात, म्हणून मी स्पीकरच काढून ठेवला. म्हटलं, चिपला ठरावीक हिशेब करायला लावू आणि तो संपला की दिवा लागेल. आधी अक्का. ‘झालं बाई एकदाचं.’ प्रोग्रॅम चिपमध्ये भरला, बटण दाबलं, आणि अण्णांचा अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत दिवा लागला.

“आता पाहुणा,” अण्णा म्हणाले.

मी बटण दाबलं. बोट उचलायच्या आत दिवा लागला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बटण आणि दिव्याची तार चिकटलीय की काय म्हणून मी चिपची पट्टी उलटी करून बघितली. अण्णांनी चष्मा काढला आणि तो पुसायचंही विसरले. त्यांचा चेहरा असा झाला की मला पाहुण्याचा रागच आला.

“पद्मा,” मी हाक मारली, “वर ये जरा.”

पद्मजा आली, पाहुण्यानं काय उतरवून दिलंय ते तिनं उघडून बघितलं आणि बाकाच्या कडेला टेकून हसत सुटली.

“काय झालं? मलाही सांग की हसायला,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, त्यानं हिशेब केलाच नाही! ताईंनी स्पीकर काढला. मग त्या हिशेबाचं उत्तर पुढं कुणीच वापरत नाही. पाहुण्यानं बघितलं, एवढं राबायचं आणि ऐकणारं कुणीच नाही. मग त्यानं सगळं काम वगळलं आणि नुसता दिवा लावला.”

“कामचुकार!” अण्णांच्या जिवात जीव आला. “बघ, मालन, मी म्हणत नव्हतो? फुकटातला पाहुणा. जेवायला आधी, कामाला नाही.”

मला मात्र पाहुण्याविषयी पहिल्यांदाच आदर वाटला. ज्याचं कुणाला काही नाही ते काम करायचंच नाही, ही अक्कल मला लग्न झाल्या झाल्या असती तर माझी किती दिवाळ्यांची अनारशांची पीठं वाचली असती.

“अक्का बिचारी कुणी ऐको न ऐको, राबते,” अण्णा म्हणाले.

“आत्यासारखीच,” पद्मजा म्हणाली.

म्हणून मग स्पीकर लावून खरी चाचणी. आणि त्यासाठी रसूलचाचांना बोलावणं गेलं. आमच्या शेजारीच खऱ्या तानपुऱ्यांचा कारखाना. छताला भोपळे टांगलेले, दिवसभर कानशीची खरखर. रसूलचाचा तिथले जुने कारागीर. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून तारेचा सूर खुलवायचं काम त्यांचं. आता नजर कमी झाली होती, पण कान शाबूत. आमची प्रत्येक नवी पेटी बाजारात जाण्याआधी त्यांच्या कानाखालून जायची, ही अण्णांची पद्धत. मीटरवरचे आकडे बघून अण्णा कधीच पेटी पास करायचे नाहीत. एकेक तार वाढवत जायची, आणि रसूलचाचांनी डोळे उघडले की तिथं थांबायचं.

“आलं का तुमच्या डब्याला पुन्हा दुखणं?” चाचा जिना चढताच म्हणाले. पेटीला ते पेटी कधी म्हणाले नाहीत.

“डबा नाही, चाचा. आज दोघांची शर्यत आहे,” मी म्हटलं.

“शर्यत कशाची? सूर कुठं पळतो काय? सूर बसून राहतो.” पण ते खुर्चीत टेकले, टोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

अक्का. एक तार, दोन, तीन, चार. पाचवी तार आली आणि खोली भरून गेली. ती माझी पाचवी तार होती, तिचा आवाज मला गर्दीतसुद्धा ओळखू आला असता. सहावी लावली. तड, तड तड. चाचांनी डोळे उघडले.

“पाच,” अण्णा म्हणाले. “आता पाहुणा. मजकूर तोच दे हां, मालन. एका अक्षराचा फरक नको. उगाच कुणी म्हणायला नको की पाहुण्याला वाढताना हात आखडला.”

तोच मजकूर दिला. एक, दोन, तीन, चार. पाचवी लावली आणि तव्यावर पाणी पडलं. मी परत लावून बघितलं. पाचवी तार पाहुण्याला पेलवत नव्हती.

अण्णा उठले. खाली गेले आणि परत आले ते भडंगाचा नवा पुडा घेऊन. तो त्यांनी आधी पाहुण्याच्या कॉम्प्युटरपुढं धरला. “घ्या, दमला असाल,” म्हणाले. मग सगळ्यांना वाटला. रसूलचाचांना शेंगदाणे चाववत नाहीत म्हणून त्यांना वेचून नुसते कुरमुरे दिले. मीही खूश होते. लाजायचं काय त्यात? माझी बाजू जिंकली होती. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या कंपायलरला मिरजेतल्या आमच्या अक्कानं एका तारेनं हरवलं होतं.

खूश नव्हती फक्त पद्मजा. ती माझा मजकूर वरून खाली वाचत होती.

“ताई, ही एकच ओळ आठ वेळा का लिहिलीय?”

“अक्काला तशीच आवडते.”

“आणि हा गुणाकार? साधा तर आहे. त्याच्या इतक्या बेरजा?”

“अक्काला गुणाकार सोसत नाही.”

“आणि हे दर दोन ओळींनी सगळं उचलून दुसरीकडं ठेवलंय ते?”

“अगं, अक्कापुढं एका वेळी तीनच वस्तू ठेवायच्या असतात. तुला ठाऊक नाही का?”

पद्मजा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा चाचांना कुरमुरे वेचून देण्यात गढले होते. ती म्हणाली, “नाही, मला ठाऊक नव्हतं,” आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकायला निघालेल्या माणसाची एकही खूण नव्हती. उलट दवाखान्यातून रिपोर्ट आणलेल्या माणसासारखी ती दाराशी उभी राहिली.

“मी तोच हिशेब परत लिहिलाय,” ती म्हणाली. “नव्यानं. साधा.”

“साधा म्हणजे?” अण्णांनी विचारलं.

“म्हणजे कुणाचीच तब्येत न सांभाळता. जे करायचंय ते सरळ सांगितलंय, बस.”

मी तो मजकूर वाचला. माझ्या मजकुराच्या पावपटसुद्धा नव्हता. गुणाकार होता तिथं गुणाकार. ‘हे आठदा कर’ म्हणायचं होतं तिथं ‘हे आठदा कर’. मला आधी हसू आलं, की हे पोरीचं काम, हे कुठं चालणार. आणि मग वाचता वाचता हसू थांबलं. तानपुऱ्याची तार कशी वाजते ते त्या मजकुरात दिसत होतं. माझ्या मजकुरात ते मलासुद्धा शोधावं लागायचं.

“पाहुण्याला दे,” अण्णा म्हणाले.

रसूलचाचा आदल्या दिवसाच्या कुरमुऱ्यांच्या आठवणीनं न बोलावताच आले होते. त्यांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. पाचवी आली. मी अण्णांकडं बघितलं नाही. सहावी लावली. सहावी आली, स्वच्छ, गोल, कुठं अडखळ नाही. सातवी लावली, तीही आली. त्यापुढं लावायला आमच्याकडं तारच नव्हती, पद्मजानं तेवढ्यापुरतंच लिहिलं होतं.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. सूर चालू राहिला. खालच्या बायका बोलायच्या थांबल्या हे मला जिन्यातून कळलं.

“आज डब्यातून सूर आला बुवा,” चाचा डोळे मिटूनच म्हणाले.

मी पेटी बंद केली. आणि मग सुरू झालं ते मला आजही आठवलं की हसू येतं. तीन शहाणी माणसं एका खोलीत, आणि प्रत्येकाला काहीतरी जरुरीचं काम निघालं. अण्णा वायरींचा गुंता सोडवायला लागले, जो मुळात नव्हताच. मी भडंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं, उघडलं, परत बसवलं. पद्मजा खिडकी पुसायला लागली. त्या खिडकीला आयुष्यात कुणी फडकं लावलं नव्हतं.

कारण उरलेली एक गोष्ट तिघांनाही दिसत होती. अक्काला माझा मजकूर दिला होता. पाहुण्याला माझा दिला होता. पाहुण्याला पद्मजाचा दिला होता. पद्मजाचा साधा मजकूर अक्काला कुणी दिला नव्हता.

रसूलचाचांना ह्यातलं काही कळत नव्हतं, किंवा सगळं कळत होतं. त्यांचं काही सांगता यायचं नाही. ते खुर्चीत रेलून म्हणाले, “एक बाई गायच्या इथं. त्यांचा तानपुरा होता, दांडी जराशी वाकलेली. त्यांना वाटायचं, आपल्या तानपुऱ्यासारखा तानपुरा मिरजेत नाही. एकदा दुरुस्तीला आला माझ्याकडं, मी छेडून बघतो तर—”

“चाचा, चहा घेणार ना?” मी म्हटलं.

“अगं, ऐक तर. मी छेडतो तर—”

“साखर किती, चाचा?” पद्मजा खिडकीतून म्हणाली.

चाचांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. “दोन,” ते म्हणाले.

चहा झाला. कप विसळून झाले. अण्णांच्या वायरी आता दोरीसारख्या सरळ झाल्या होत्या.

“मग मी सहा तारांच्या पेटीचं पाहुण्यावर सुरू करते,” पद्मजा म्हणाली. “आणि जुन्या पेट्या अक्कावरच राहू देत. दोन्ही चालू ठेवता येतील, अण्णा. काही बिघडत नाही.”

“हो की,” मी लगेच म्हटलं. “माझा मजकूर पाहुण्याला नाही झेपला, तुझा झेपला. ज्याचं त्याला. बरोबरीच झाली म्हणायची.”

“दोन मजकूर, दोन कंपायलर,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “जोड्या चार होतात. ऐकल्या तीनच.”

त्यांनी वायरी बाकावर ठेवल्या.

“मालन, पद्माचा मजकूर अक्काला दे.”

“अण्णा, तो तिच्यासाठी लिहिलेलाच नाही. उगाच कशाला?”

“काल तुझा मजकूर पाहुण्यासाठी लिहिलेला होता?”

मी बसले. मजकूर अक्काला दिला. मनातून मी देवाला म्हणत होते, कंस सापडू दे उघडा, एखादं नाव अनोळखी निघू दे, अक्कानं रागवावं आणि विषय आजच्यापुरता तरी संपावा. पण पद्मजानं सगळं नीट लिहिलं होतं. अक्कानं ते वाचलं, तिच्या नेहमीच्या चालीनं, आणि शेवटी स्क्रीनवर आलं, ‘झालं बाई एकदाचं.’

प्रोग्रॅम चिपमध्ये भरला. रसूलचाचांनी डोळे मिटले नाहीत ह्या खेपेला. त्यांनी मान खाली घातली.

पहिली तार वाजली. दुसरी लावली. तड तड तड तड.

दोनसुद्धा नाहीत. माझा हात आपोआप बटणाकडं गेला.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “ऐकू दे मला.”

आणि आम्ही ती तडतड ऐकत बसलो. खालून एक बाई ओरडली, “काय चाललंय वर!” तरी कुणी हललं नाही.

“स्पीकर गेला असेल,” रसूलचाचा म्हणाले. इतक्या वर्षांत खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं.

“साध्या मजकुराची तिला सवय नाही, अण्णा,” पद्मजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आत्या... म्हणजे अक्का वाईट नाहीये. तिच्यात सुधारणा करता येईल. मी करते. गुणाकाराचं मी बघते, आठदा मोजायचं पण बघते...”

“मी आज रात्रीतनं हा मजकूर तिच्या तब्येतीचा करून देते,” मी म्हटलं. “ह्यात काय एवढं? पाच तारा काढल्या, सहावीही काढीन. मला येतं ते.”

आणि मला खरंच येत होतं. आजही सांगते, मी सहावी काढली असती. तिच्यापुढं तीनऐवजी अडीचच वस्तू ठेवल्या असत्या, एक ओळ आठऐवजी सोळा वेळा लिहिली असती, पण काढली असती.

अण्णांनी हात लांब करून स्वतःच पेटी बंद केली. खोली एवढी शांत झाली की शेजारची कानस ऐकू आली. मग त्यांनी माझा मजकूर स्क्रीनवर आणला आणि तो वाचायला लागले. मी लिहिलेलं ते नेहमीच वाचायचे, पण आज ते निराळं वाचत होते. ती एकच ओळ आठ वेळा लिहिलेली आली, तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि एकेका ओळीवरून खाली उतरवत आणलं. बेरजांची रांग आली, ती पूर्ण वाचली. उचललेल्या आणि ठेवलेल्या वस्तू एकेक करून बघितल्या. सगळं शेवटपर्यंत. एवढा वेळ त्यांनी चष्म्याला हात लावला नाही.

मग ते माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. आदल्या दिवशी दिवा भसकन लागला तेव्हा पडला होता, तसा नव्हता. ओढ्याच्या पलीकडं पोचल्यावर मागं वळून बघणाऱ्या मुलाचा असेल, तसा होता.

“ही कधीच पळत नव्हती, मालन,” अण्णा म्हणाले. “इतकी वर्षं तू हिला पाठुंगळी घेऊन पळत होतीस. आता उतरव तिला.”